फोटो भिंतीएवढा, पण फाईल केवढी?

श्रोतेहो, कवी माणसाला रेडिओवर बोलावलं की तो कविता वाचणार, असा आपला समज असतो. आज मात्र मी कविता वाचणार नाही. आज बोलायचं आहे ते एका लांबलचक फोटोबद्दल आणि तो कागदावर उतरवताना जे गणित करावं लागतं त्याबद्दल. मी बी.ए. झालेला माणूस. गणिताशी माझा काडीमोड दहावीलाच झाला होता. पण एका मित्राच्या म्हाताऱ्या आईने विचारलेल्या प्रश्नाने मला पुन्हा गुणाकार-भागाकारापाशी आणून बसवलं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, ३३ दरवाजे. या धरणाच्या फुगवट्यात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावं गेली. त्यातलंच एक माझ्या मित्राचं. गाव सोडायच्या आधी तो एका फोटो स्टुडिओतल्या पोराला घेऊन गेला, त्याला गावाबाहेरच्या उंचवट्यावर उभं केलं आणि साऱ्या गावाचा एकच फोटो काढून घेतला. डावीकडे चिंचेची झाडं, मग शाळा, मधोमध देवळाचा कळस, त्याच्या शेजारी मित्राचं कौलारू घर, पुढे ढिवरांची वस्ती आणि अगदी उजवीकडे नदीचा घाट. डावीकडून उजवीकडे मान फिरवत पाहावा लागणारा असा जो आडवा फोटो, त्याला पॅनोरमा म्हणतात.

पुढे पुनर्वसनाच्या गावठाणात नवं घर झालं. मित्राने हौसेने तो फोटो सहा फूट लांब आणि दीड फूट उंच असा फ्लेक्सवर छापून आणला, बैठकीच्या भिंतीवर लावला आणि आम्हाला चहाला बोलावलं. त्याची माय पुढे झाली. चष्मा सावरत तिने फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग मागे वळून म्हणाली, “बाबू, यात आपलं घर कुठी आहे?”

कोणीच बोललं नाही. घर होतं, पण दिसत नव्हतं. चिंचा म्हणजे हिरवे डाग, कौलं म्हणजे एक तांबूस पट्टा, आणि देवळाचा कळस पायऱ्या-पायऱ्यांचा झालेला. मित्र म्हणाला, “भाऊ, मोबाईलमध्ये तर चकाचक दिसतो!” खरंच दिसत होता. मग भिंतीवर आल्यावर असं काय झालं?

हे समजून घ्यायला आपण आंधळगाव-मोहाडीकडे जाऊ. तिथे कोशाचं कापड विणलं जातं. विणकराला कापडाचा दर्जा विचारला तर तो इंचात किती धागे बसले ते सांगतो. डिजिटल फोटोही असाच विणलेला असतो. त्याचे धागे म्हणजे पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक चौकोनी ठिपके. फोटोत आडवे किती ठिपके आणि उभे किती ठिपके, हीच त्याची खरी मोजणी. कॉम्प्युटरवर फाईलच्या प्रॉपर्टीज उघडल्या की हे दोन आकडे दिसतात. मित्राच्या फाईलमध्ये आकडे होते १६०० आणि ४००. सहा फूट म्हणजे ७२ इंच. १६०० धागे ७२ इंचांवर ताणले तर इंचाला जेमतेम बावीस धागे आले. ते कापड राहिलं नाही, त्याचं मच्छीमाराचं जाळं झालं. मोबाईलच्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावर तेच धागे दाट बसले होते, म्हणून फोटो चकाचक दिसत होता.

मग इंचाला किती ठिपके हवेत? दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: तीनशे. दुकानदाराच्या भाषेत ‘तीनशे डीपीआय’. हा आकडा आला कुठून? तो माणसाच्या डोळ्यातून आला आहे. चांगली नजर असलेला माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. त्याहून जवळचे ठिपके त्याला एकच वाटतात. कागद डोळ्यांपासून एक फुटावर धरला तर हे अंतर इंचाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकं भरतं. म्हणून हातात धरून पाहायच्या फोटोला तीनशे. कागद दुप्पट लांब गेला की निम्मे ठिपके पुरतात. सोपा हिशेब असा: तीनशेला फुटांनी भागा. दोन फुटांवरून पाहायचं असेल तर दीडशे, तीन फुटांवरून शंभर, सहा फुटांवरून पन्नास. आमच्या भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकातला फ्लेक्स वीस फुटांवरून बघायचा, म्हणून त्याला इंचाला पंधरा ठिपकेही चालतात. मित्राच्या फोटोत बावीस होते. म्हणजे तो चौदा फुटांवरून नीट दिसला असता. पण बैठकच होती दहा फुटांची.

इथपर्यंतचं गणित कोणत्याही फोटोला लागू आहे. पॅनोरमाचं दुखणं पुढे आहे. साधा मोठा फोटो माणूस लांबून बघतो आणि पुढे जातो. पॅनोरमा तो दोनदा बघतो. आधी सहा फुटांवर उभा राहून सगळा देखावा डोळ्यांत घेतो आणि मग नकळत भिंतीपाशी जाऊन नाक लावतो. आपलं घर कुठलं, विहीर कुठली, तो झाडाखाली उभा आहे तो कोण, हे त्याला शोधायचं असतं. म्हणजे एकाच फोटोला सहा फुटांचीही कसोटी असते आणि एका फुटाचीही.

जुन्या लोकांना ही अडचण वेगळ्या रीतीने सुटली होती. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली भोवताल दाखवणाऱ्या गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं, आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात अशा चित्रांसाठी खास गोल इमारत उघडली. ‘पॅनोरमा’ हा शब्दही त्याच चित्रांमुळे रूढ झाला. प्रेक्षकांनी मधल्या चौथऱ्यावर उभं राहायचं, चित्र चहूबाजूंनी लांब. जवळ जाऊन नाक लावायची सोयच नव्हती. पुढे कॅमेरा आला. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने १८५८ साली लखनौ शहराचे अनेक फोटो ओळीने घेऊन, ते शेजारी शेजारी जोडून पॅनोरमा केले. त्या काळी छपाईचा कागद काचेच्या निगेटिव्हला चिकटवूनच छाप काढत. जेवढी काच तेवढाच कागद. काचेतला बारीकपणा जसाच्या तसा कागदावर यायचा, म्हणून भिंग लावून पाहिलं तरी खिडक्या मोजता यायच्या. शाळा-कॉलेजांत दिसणारे जुने लांबलचक ग्रुप फोटो फिरत्या कॅमेऱ्यावर घेतलेले असत. त्यांचंही तसंच, जेवढी फिल्म तेवढा कागद. डिजिटल फाईलला मात्र स्वतःची लांबी-रुंदी इंचात नसतेच. ती तुम्ही ठरवाल तेवढी. सोय म्हणा की फसगत, दोन्हींचं मूळ इथेच आहे.

आता मधला मार्ग काय? घरच्या भिंतीवरच्या पॅनोरमाला इंचाला दोनशे ठिपके ठेवावेत आणि दीडशेच्या खाली जाऊ नये, असं आम्हाला अनुभवाने कळलं. सहा फूट बाय दीड फूट, म्हणजे ७२ बाय १८ इंचांचा फोटो घ्या. दोनशेच्या हिशेबाने १४,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. दीडशेच्या हिशेबाने १०,८०० बाय २,७०० पुरतात. तीनशेचा हट्ट धरला तर २१,६०० बाय ५,४०० हवेत, म्हणजे अकरा कोटी साठ लाखांहून जास्त ठिपके. एका ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बाईट लागतात. तेव्हा ही फाईल उघडल्यावर कॉम्प्युटरच्या डोक्यावर साडेतीनशे एमबीचं ओझं होतं. दोनशेच्या फाईलचं ओझं १५५ एमबी.

इथे दोन गैरसमज दूर करतो. पहिला एमबीचा. “फोटो किती एमबीचा आहे?” हा प्रश्न दुकानात सर्रास विचारला जातो, पण तो कच्चा प्रश्न आहे. जेपीईजी फाईल ठिपके आवळून साठवते. मोकळं आभाळ फार आवळलं जातं, धानाच्या बांध्यांतलं पातं न् पातं तेवढं आवळलं जात नाही. म्हणून तेवढ्याच पिक्सेलचे दोन फोटो, एक चार एमबीचा आणि दुसरा वीस एमबीचा असू शकतो. विचारायचं ते पिक्सेल किती, हेच.

दुसरा गैरसमज डीपीआयचा. फाईलवर ‘७२ डीपीआय’ लिहिलेलं दिसलं की लोक घाबरतात आणि तिथे ३०० लिहून खूश होतात. ती नुसती चिठ्ठी आहे. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतलं धान वाढत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘रीसॅम्पल’ची खूण काढून आकडा बदललात तर ठिपके तेवढेच राहतात, फक्त कागदाची लांबी बदलते. खूण ठेवून बदललात तर सॉफ्टवेअर मधले ठिपके अंदाजाने भरतं. आणि छपाईयंत्रावर जे ‘१४४० डीपीआय’ लिहिलेलं असतं ते शाईच्या थेंबांचं माप आहे, तुमच्या फोटोतल्या ठिपक्यांशी त्याची गल्लत करू नये.

परत मित्राच्या घरी येऊ. त्याच्याकडची फाईल एवढी लहान का होती? कारण ती मोबाईलवरच्या निरोपांच्या ॲपमधून आलेली होती. फोटो लवकर पोचावा म्हणून अशी ॲप्स त्याला लहान करून पाठवतात. साध्या फोटोला ते खपतं, पॅनोरमाचा मात्र जीव जातो. पाठवणाऱ्याने तो फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळे ठिपके शाबूत राहतात. पण आता ते सांगून उपयोग नव्हता. मूळ फाईल शोधायला हवी होती.

स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. शोधाशोध करता करता मायच्या लोखंडी पेटीत, सातबाराच्या नकलांच्या पिशवीत, एक सीडी सापडली. स्टुडिओतला पोरगा हुशार होता. त्याने कॅमेरा उभा धरून सात फोटो घेतले होते आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग येऊ दिला होता. एकेक फोटो तीन हजार ठिपके रुंद आणि चार हजार उंच. पहिल्याचे तीन हजार आणि पुढच्या सहांचे नवे दोन-दोन हजार, असे सात मिळून पंधरा हजार. कडा छाटल्या की बरोबर १४,४०० बाय ३,६००! सहा फुटांच्या फोटोला दोनशेच्या हिशेबाने नेमकं हवं तेवढं. आम्ही उड्या मारायचेच बाकी होतो.

पण सीडीवर ओरखडे होते. सातपैकी पाच फोटो उघडले. शेवटचे दोन काही केल्या उघडेनात. पाच जोडले, कडा छाटल्या, १०,८०० बाय ३,६०० ठिपके हाती आले. चिंचा होत्या, शाळा होती, कळस होता, मायचं घर होतं. ढिवरांची वस्ती आणि घाट मात्र त्या हरवलेल्या दोन फोटोंत राहिला.

मित्राचा भाचा म्हणाला, “मामा, त्यात काय, आता एआय आहे ना.” त्याने ती १६०० ठिपक्यांची लहान फाईल एका ॲपमध्ये टाकून नऊपट मोठी केली. फोटो खरोखर धारदार झाला. कौलाचं कौल वेगळं, घाटाची पायरी न् पायरी वेगळी. आम्ही तो मायला दाखवला. ती वस्तीतल्या एका घरापाशी थांबली आणि म्हणाली, “ह्या घराले खिडकी कुठी होती?”

माय बरोबर होती. त्या घराला खिडकी नव्हतीच. लहान फाईलमध्ये तिथे तीन-चार काळसर ठिपके होते, कदाचित भिंतीला टेकवलेलं जाळं असेल. यंत्राने विचार केला, घराला खिडकी असते, आणि काढून दिली. कवी हे लगेच ओळखतो. वृत्तात ओळ बसत नसली की आम्हीही भरतीचे शब्द घालतो. मात्रा पुऱ्या होतात, अर्थ वाढत नाही. लग्नाच्या पोस्टरवर अशी भरती चालेल. पण जे गाव आता पाण्याखाली आहे, ज्याची खातरजमा करायला कोणी परत जाऊ शकत नाही, त्या गावात यंत्राच्या कल्पनेतली खिडकी बसवणं मला बरं वाटलं नाही. मित्रालाही वाटलं नाही.

तेव्हा हातात होती पाच फोटोंची खरी फाईल. ती केवढी छापावी? १०,८०० बाय ३,६०० हा आकडा लॅबवाल्याला तोंडपाठ निघाला. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं दुहेरी पान १२ बाय ३६ इंचांचं असतं आणि तीनशेच्या हिशेबाने त्याची फाईल नेमकी एवढीच होते. म्हणजे पॅनोरमाला काही खास मोठं यंत्र लागत नाही, गावोगावचे लग्नाचे फोटोग्राफर जिथून अल्बम छापून आणतात तिथे तीन फुटांचा उत्तम पॅनोरमा मिळू शकतो. त्याच फाईलचा दोनशेच्या हिशेबाने ५४ बाय १८ इंच होतो, आणि दीडशेच्या हिशेबाने ७२ बाय २४.

कोणता निवडायचा हे आम्ही कॉम्प्युटरवर ठरवलं नाही. लॅबवाल्याने एक युक्ती सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. पूर्ण फोटो छापण्याआधी त्यातला महत्त्वाचा तुकडा कापायचा आणि सहा बाय चार इंचांच्या साध्या कागदावर छापून बघायचा. तीनशेचा नमुना हवा तर १,८०० बाय १,२०० ठिपक्यांचा तुकडा, दोनशेचा हवा तर १,२०० बाय ८००, दीडशेचा हवा तर ९०० बाय ६००. थोडक्या पैशांत भिंतीवरचा फोटो कसा दिसेल ते हातात येतं. आम्ही मायच्या घराचे तीन नमुने काढले आणि भिंतीला टाचणीने लावले.

तीनशेचा नमुना सगळ्यांत सुबक होता, पण त्यात घर एवढं लहान आलं की मायला डोळे बारीक करावे लागले. दीडशेच्या नमुन्यात घर मोठं होतं, पण कौलांच्या ओळी एकमेकींत मिसळत होत्या. दोनशेच्या नमुन्यापाशी ती थांबली. “हे तुळशीवृंदावन,” ती म्हणाली, “आन् हा माहा पाटा.” आम्हाला दिसला नव्हता, पण दारापाशी खरंच एक काळा दगड होता. ठरलं. ५४ बाय १८ इंच, दोनशेच्या हिशेबाने, २४ इंची रोलवर, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर समोरच्या खिडकीचा उजेड पडतो, म्हणून मॅट.

आणि घाटाचं काय? ढिवरांच्या वस्तीचं काय? ते फक्त त्या १६०० ठिपक्यांच्या लहान फाईलमध्ये उरलं होतं. तिलाही आम्ही तोच हिशेब लावला. १६०० ला दोनशेने भागलं की आठ इंच, ४०० ला भागलं की दोन इंच. आठ इंच लांब आणि दोन इंच उंच अशी एक पट्टी छापली. तेवढ्याशा कागदावर सारं गाव स्पष्ट आलं, चिंचेपासून घाटापर्यंत. भिंतीवर मोठा फोटो लावला आणि त्याच्याखाली एका लहान चौकटीत ही पट्टी. आठ दिवसांनी वस्तीतली एक शेजारीण आली, ती आधी त्या पट्टीपाशीच वाकली.

श्रोतेहो, पाण्याखाली गेलेली गावं आता कोणाला टिपता येणार नाहीत. पण आज जे उभं आहे तेही बदलतंच आहे. २०२४ साली खुला झालेला आंभोऱ्याचा झुलता पूल पाहायला लोक जातात आणि हात लांब करून मोबाईल फिरवतात. पवनीच्या जुन्या तटावरून दिसणारी वस्तीही दहा वर्षांनी अशीच असणार नाही. तुम्ही फोटो घ्याल तेव्हा एवढं करा. मोबाईल उभा धरा, म्हणजे फोटोला उंची मिळेल. पॅनोरमाच्या बटणावर भागत असेल तर ठीक, पण महत्त्वाचा देखावा असेल तर एका जागी पाय रोवून सुटे फोटोही घ्या, प्रत्येकात आधीच्याचा एक तृतीयांश भाग येऊ द्या. उजेडाचं आणि फोकसचं माप सुरुवातीलाच कुलूपबंद करा, म्हणजे एक फोटो उजळ आणि दुसरा काळपट होणार नाही. खाली-वर जागा सोडा, कारण जोडताना कडा छाटल्या जातात. जोडायला ‘हुगिन’सारखं मोफत सॉफ्टवेअर मिळतं. जोडलेली फाईल एकदा टिफमध्ये ठेवा, कारण जेपीईजी दुरुस्त करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडी झिजते. आणि सुटे फोटो पुसू नका. दोन वेगळ्या जागी ठेवा. एकच सीडी पेटीत ठेवून काय होतं ते मी आत्ताच सांगितलं.

आता कोणी मला विचारलं की पॅनोरमा छापायला किती मोठी फाईल हवी, तर मी उलट विचारतो, “तो बघायला कोण येणार आहे आणि किती जवळ उभं राहणार आहे?” रस्त्यावरचा माणूस असेल तर थोडक्यात भागेल. घरातली म्हातारी असेल, तर तिला तिचा पाटा दिसला पाहिजे.